तिन्ही कंट्रोल स्वच्छ आले, तरीही: एका अँटिबॉडीमागचे चौदा महिने

गेल्या आठवड्यात शेवटच्या स्लाइडचे फोटो घेतले आणि हे प्रकरण एकदाचं मिटलं. मार्चमध्ये अँटिबॉडीची (ठरावीक प्रोटीनला चिकटून ते पेशीत कुठे आहे हे दाखवणारा रेणू) पहिली नळी उघडली होती, संपायला पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडला. त्यातले पहिले चार महिने मी ज्या चित्रावर जीव टाकला होता, ते माझ्या प्रोटीनचं चित्रच नव्हतं.

अडकले होते तेव्हा मला एकच गोष्ट वाचायला हवी होती: कुणीतरी नेहमीचे सगळे कंट्रोल (रंग खरा आहे ना हे पडताळणारे तुलनेचे नमुने) लावले, सगळे चोख आले, आणि तरी अँटिबॉडी भलत्यालाच चिकटत होती, असा कुणाचा तरी अनुभव. मिळाला तो तुकड्यातुकड्यांत. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

माझं प्रोटीन अराबिडॉप्सिसच्या (प्रयोगशाळांत वापरलं जाणारं मोहरीच्या कुळातलं छोटं रोप) मुळातलं, पेशीपटलावर बसणारं एक रिसेप्टर कायनेज, म्हणजे बाहेरचा संकेत ओळखून आत पोचवणारं प्रोटीन. काम अजून छापलं गेलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. या रिसेप्टरांचा गोतावळा फार मोठा आहे. अराबिडॉप्सिसमध्ये अशी ६०० हून जास्त जनुकं आहेत, आणि त्यातल्या २०० हून जास्त प्रोटीनांच्या पेशीबाहेरच्या भागात ल्युसीनने भरलेली तीच ती घडी पुन्हा पुन्हा येते. माझं प्रोटीन याच २०० मधलं.

ही घडी बॅक्टेरियात नीट जमत नाही, प्रोटीनचा गोळा होऊन बसतो. म्हणून माझ्या आधी या विषयावर काम करणाऱ्या ताईंनी हा बाहेरचा भाग कीटकपेशींत बनवला होता. हाय फाइव्ह नावाच्या या पेशी कोबीवर पडणाऱ्या एका अळीच्या पतंगापासून काढलेल्या आहेत. प्रोटीन छान विरघळलेलं आणि शुद्ध मिळालं. तेच दोन सशांना टोचायचं ठरलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी नेमलेल्या नीतिसमितीकडे अर्ज दोनदा गेला, कारण पहिल्या अर्जात दोनच ससे का, एक का नाही, याचं कारण आम्ही लिहिलं नव्हतं. (प्रत्येक प्राण्याची प्रतिकारशक्ती वेगळी असते, हे एक वाक्य पुरलं असतं. त्या एका वाक्यासाठी पाच आठवडे गेले.) टोचणी सुरू झाल्यापासून शेवटचं सीरम (रक्ताचा अँटिबॉडी असलेला द्रव भाग) हातात येईपर्यंत साधारण तीन महिने.

एक गोष्ट मात्र तेव्हा नीट केली, आणि पुढे तिचा उपयोगही झाला: सशांचं टोचण्याआधीचं सीरम मागून घेतलं. ससे आयुष्यभर गवत-पाला खातात, त्यामुळे टोचण्याआधीच त्यांच्या रक्तात वनस्पतींना चिकटणाऱ्या अँटिबॉडी असू शकतात. आम्ही ते आधीचं सीरम मुळांच्या अर्कावर तपासलं आणि ज्यांचं कोरं आलं तेच ससे निवडले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी पहिली मुळं रंगवली. पाच दिवसांची रोपं, ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये व्हॅक्यूमखाली तासभर, मग पेशीभित्तिका सैल करायला ड्रायसिलेझ, मग पटलांना भोकं पाडायला डिटर्जंट आणि डीएमएसओ, मग अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून ३ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन), मग प्रायमरी, म्हणजे सशाची अँटिबॉडी, चार तास ३७ अंशांवर. सेकंडरी म्हणजे शेळीत बनवलेली, सशाच्या अँटिबॉडीला पकडणारी, अलेक्सा फ्लुअर ४८८ हा हिरवा चमकणारा रंग लावलेली. एका फेरीला दोन दिवस. ड्रायसिलेझच्या वेळेवर फार लक्ष ठेवावं लागतं. पाच मिनिटं जास्त झाली तर मुळाचं टोक गळून पडतं, कमी झाली तर अँटिबॉडी बाहेरच्या दोन थरांपलीकडे जातच नाही.

चित्र सुंदर आलं. प्रत्येक पेशीची कड हिरवी उजळलेली, आत बारीक ठिपके, बहुधा गॉल्जीचे (पेशीत प्रोटीन पुढे पाठवलं जातं ती जागा). पेशीपटलावर जाणारं प्रोटीन असंच दिसायला हवं. त्या रात्री मी घरी उशिरा गेले आणि झोपण्याआधी फोनवर तोच फोटो पुन्हा तीनदा पाहिला.

कंट्रोलही सगळे लावले होते. फक्त सेकंडरी: अंधार. टोचण्याआधीचं सीरम: अंधार. अँटिबॉडी लावलीच नाही अशी स्लाइड, म्हणजे मुळाचा स्वतःचा उजेड तपासायला: जलवाहिन्यांच्या भिंतींवर लिग्निनची थोडी चमक, बाकी काही नाही. आणि ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा होता तो कंट्रोल: सीरममध्ये आधी ते शुद्ध प्रोटीन मिसळून ठेवायचं, म्हणजे अँटिबॉडीचे हात तिथेच गुंततील, आणि मग ते मुळांवर टाकायचं. तेव्हाही पूर्ण अंधार.

एकच गोष्ट खटकत होती. मुळांचे जे जनुक-अभिव्यक्तीचे नकाशे उपलब्ध आहेत, त्यांत माझं जनुक जवळजवळ फक्त अंतस्त्वचेत (मुळाच्या आतल्या बाजूचा पेशींचा एक थर) चालू दिसतं. माझ्या चित्रात मात्र सगळं मूळ उजळत होतं. मी स्वतःची समजूत घातली की आरएनए वेगळा आणि प्रोटीन वेगळं, प्रोटीन जास्त काळ टिकत असेल. ब्लॉटवरही (प्रोटीनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने शोधण्याची चाचणी) ११० किलोडाल्टनच्या आसपास पट्टा होता, जिथे असायला हवा तिथेच. त्याच्या खाली ४० पर्यंत पसरलेला एक धूसर ओघळ होता. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "हे खालचं काय आहे?" मी म्हटलं, प्रोटीन तुटत असेल. त्यांना ते पटलं नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण नॉकआउट, म्हणजे ते जनुक बिघडवलेलं रोप, येईपर्यंत दोघींकडेही दुसरं उत्तर नव्हतं.

नॉकआउटच्या बिया अडकल्या होत्या कागदपत्रांत. टी-डीएनए (जनुक बिघडवायला बाहेरून घातलेला डीएनएचा तुकडा) घुसवलेली रोपं जनुकबदल केलेल्या सदरात येतात. त्यामुळे जैवसुरक्षा समितीची मान्यता, आयातीचा परवाना, पाठवणाऱ्या देशाचं पीक-आरोग्य प्रमाणपत्र आणि साहित्य हस्तांतरणाचा करार, इतकं सगळं लागलं. करारावर माझी नाही, संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची सही लागते, आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर फाइल जिथल्या तिथे थांबते. आमची सव्वादोन महिने थांबली. तुम्ही अँटिबॉडी बनवायचा विचार करत असाल, तर बियांचा अर्ज सशांच्या अर्जाच्या आधी टाका. दोन्ही एकाच दिवशी नाही, आधी. ससे तीन महिन्यांत काम करतात. बिया हातात आल्यावर पेरणी, जीनोटाइप (रोपाचा डीएनए तपासणं) आणि दोन्ही प्रती बिघडलेली ओळ वेगळी काढणं, यालाच आणखी एक पूर्ण पिढी, म्हणजे दोन महिने, सहज जातात.

या मधल्या काळात मी एका परिषदेसाठी सारांश पाठवला. तोच फोटो लावून.

जुलैमध्ये नॉकआउटची मुळं वाइल्ड टाइपच्या, म्हणजे जनुक शाबूत असलेल्या साध्या रोपाच्या, शेजारी एकाच ट्रेमध्ये रंगवली, एकाच नळीतल्या अँटिबॉडीने. दोन्ही सारखीच उजळली.

मायक्रोस्कोपच्या खोलीत मी बराच वेळ नुसती बसून राहिले. पहिला विचार आला तो स्लाइडची अदलाबदल झाल्याचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. तेच. मॅडम म्हणाल्या, "आधी रोप खरंच नॉकआउट आहे का ते बघ. एकाच पीसीआरवर विसंबू नकोस." म्हणून बारा रोपांचं जीनोटाइप पुन्हा केलं, आरएनए काढून जनुक खरंच बंद आहे ना ते पाहिलं. बंद होतं. जिथे प्रोटीनच नव्हतं, तिथे माझी अँटिबॉडी पूर्ण ताकदीने रंगत होती.

परिषदेच्या आयोजकांना सारांश मागे घेत असल्याचं लिहिलं. कारणाच्या रकान्यात "निष्कर्षाची खातरजमा झालेली नाही" इतकंच. त्यांचं दोन ओळींचं साधं उत्तर आलं, पण तो दिवस माझ्यासाठी जड होता. सहा वर्षांपूर्वी वनस्पतिशास्त्रात आले ते असेच फोटो बघून.

मग सुरू झालं ते शोधकाम. सगळ्यात पहिला संशय साखरेवर होता. पेशीबाहेर जाणाऱ्या प्रोटीनांवर साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असतात, आणि वनस्पतींच्या या साखळ्या अँटिबॉडींना फसवतात, हे पुसटसं वाचलेलं होतं. फ्रीजमध्ये पीएनगेझ एफ हे एन्झाइम होतंच. ते प्रोटीनवरच्या या साखळ्या कापतं. अर्कावर ते टाकलं, ब्लॉट केला. ओघळ जसाच्या तसा. मी वहीत लिहिलं: साखर नाही. आणि पुढचे पाच आठवडे वेगळ्याच दिशेने गेले: मीठ वाढवून बघ, डिटर्जंट बदल, बीएसएऐवजी शेळीचं सीरम, अँटिबॉडी आणखी पातळ कर. पातळ केली की दोन्ही मुळं सारखीच फिकी व्हायची.

ही चूक विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. वनस्पतींच्या पुष्कळशा साखळ्यांमध्ये प्रोटीनला लागून असलेल्या पहिल्याच साखरेवर फ्युकोजचा एक फाटा असतो, अल्फा-१,३ जोडणीचा. तो फाटा असेल तर पीएनगेझ एफला साखळी कापताच येत नाही. तिथे पीएनगेझ ए लागतं. म्हणजे मी ज्या एन्झाइमने साखर निर्दोष ठरवली, ते नेमक्या संशयितासमोरच हतबल होतं.

हे कळलं ते ऑक्टोबरमध्ये, तेही योगायोगाने. इमारतीत वरच्या मजल्यावर फळमाशीवर काम करणारा एक गट आहे. त्यांच्यातली एक मैत्रीण जेवताना सहज म्हणाली की माशीच्या अळीतल्या मज्जापेशी रंगवायला ते हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेझवरची अँटिबॉडी वापरतात. मी विचारलं, माशीत पेरॉक्सिडेझ कुठून आलं? ते तर एका झाडाच्या मुळातलं एन्झाइम. ती म्हणाली, "एन्झाइम नाहीये गं, साखर आहे. दोघांतही तीच."

लिली जान आणि यू-नुंग जान यांनी १९८२ मध्ये दाखवलं होतं की पेरॉक्सिडेझविरुद्धची अँटिबॉडी फळमाशीच्या मज्जापेशींना नेमकी चिकटते. यामागे आहे तोच अल्फा-१,३ फ्युकोजचा फाटा. वनस्पती तो बनवतात, कीटक बनवतात. सस्तन प्राणी बनवत नाहीत, म्हणून सशाच्या शरीराला तो ठार परका वाटतो आणि त्याच्याविरुद्ध तो जोमाने अँटिबॉडी बनवतो. ॲलर्जीच्या तपासण्या करणाऱ्यांना हे जुनं दुखणं ठाऊक आहे: या साखरांविरुद्ध अँटिबॉडी असलेल्या माणसाची चाचणी परागकणांपासून मधमाशीच्या विषापर्यंत कशालाही होकार देऊ शकते, आणि त्रास मात्र काहीच नसतो.

मी ताट तसंच ठेवून वर आले आणि ताईंची जुनी वही काढली. हाय फाइव्ह. त्या पेशी हा फाटा भरपूर जोडतात. एसएफ९ नावाच्या दुसऱ्या कीटकपेशींत तो फारच कमी असतो. पण आमचं प्रोटीन हाय फाइव्हमधलं होतं आणि त्याच्या बाहेरच्या भागावर साखळी जोडण्याच्या सात जागा. आम्ही सशाला प्रोटीनबरोबर साखरही टोचली होती, आणि ती साखर मुळातल्या शेकडो प्रोटीनांवर आहे.

आता मागे वळून माझे कंट्रोल पाहिले. टोचण्याआधीचं सीरम कोरं होतं, कारण साखरेविरुद्धच्या अँटिबॉडी टोचल्यावर तयार झाल्या. फक्त सेकंडरी कोरी होती, कारण दोष प्रायमरीत होता. आणि शुद्ध प्रोटीन मिसळल्यावर रंग गेला, कारण त्या शुद्ध प्रोटीनवरही तीच साखर होती. साखरेच्या अँटिबॉडीही तिथेच अडकल्या. तिन्ही कंट्रोल खरं बोलत होते, पण मला जे विचारायचं होतं ते त्यांना विचारलंच गेलं नव्हतं. रंग घालवणारा कंट्रोल एवढंच सांगतो की जे चिकटतं ते तुम्ही मिसळलेल्या वस्तूला चिकटतं. त्या वस्तूच्या कोणत्या भागाला, आणि तो भाग मुळात आणखी कुणाकडे आहे, याबद्दल तो गप्प असतो.

खात्री करायला जी चाचणी केली ती इतकी सोपी आहे की प्रत्येकाने नवं सीरम आलं की त्याच दिवशी करावी असं मला मनापासून वाटतं. नायट्रोसेल्युलोजच्या कागदाचा एक तुकडा. त्यावर एक थेंब हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेझ, शेजारी एक थेंब बीएसए, ज्यावर ही साखर नसते. वाळू द्या, ब्लॉक करा, तुमचं सीरम टाका. एकच काळजी: सेकंडरीवर पेरॉक्सिडेझ नको, नाहीतर तो थेंब स्वतःच रंग देईल. अल्कलाइन फॉस्फटेझवाली किंवा चमकणारी सेकंडरी घ्या. माझा पेरॉक्सिडेझचा थेंब दहा मिनिटांत गडद झाला, बीएसए कोरं राहिलं, आणि टोचण्याआधीच्या सीरमने दोन्ही कोरे. आठ महिन्यांचं उत्तर तीन तासांत मिळालं.

मग तेच मुळांवर दाखवायचं होतं. ब्लॉक करण्याआधी सोडियम मेटापिरिओडेट, १० मिलिमोलर, पीएच ४.५ च्या ॲसिटेट बफरमध्ये, अंधारात एक तास. त्याने साखरेची कडी उघडते. उघडल्यावर तिथे अल्डिहाइड तयार होतात, आणि ते कुठल्याही अँटिबॉडीला धरून ठेवतात. म्हणून नंतर ५० मिलिमोलर सोडियम बोरोहायड्राइड अर्धा तास, तेही ताजं बनवलेलं. पहिल्या वेळी मी ही पायरी गाळली आणि सगळी स्लाइड ढगासारखी पांढुरकी झाली. शेजारी एक स्लाइड पिरिओडेटशिवाय, फक्त आम्ल बफरमधली ठेवा, नाहीतर रंग गेला तो साखर मोडल्यामुळे की आम्लामुळे, हे सांगता येणार नाही. बोरोहायड्राइडमधून बुडबुडे निघतात, मुळं तरंगतात. जाळीच्या छोट्या टोपलीत ठेवली तर हरवत नाहीत.

नॉकआउटचा रंग जवळपास पूर्ण गेला. वाइल्ड टाइपमध्ये एक फिकट कडं राहिलं, मुळाच्या मध्यभागी, अंतस्त्वचेत. मी श्वास रोखून पाहत होते, इतकं ते फिकट होतं.

पण पिरिओडेट काही अमिनो आम्लांनाही बिघडवू शकतं, म्हणून जिवंत पुरावा हवा होता. १९९३ मध्ये वर्णन झालेला सीजीएल१ नावाचा एक अराबिडॉप्सिस म्यूटंट आहे. त्याच्यात साखळी पुढे वाढवणारं पहिलंच एन्झाइम चालत नाही, म्हणून फ्युकोजचा तो फाटाही बसत नाही. रोप मात्र नेहमीच्या वातावरणात व्यवस्थित वाढतं. हा म्यूटंट रसायनाने घडवलेला आहे, जनुक घुसवून नव्हे, त्यामुळे जैवसुरक्षेचा एक टप्पा वाचला. बाकीची कागदपत्रं तेवढी लागली. या वेळी करार मी स्वतः टेबलाटेबलावर फिरवला, अठरा दिवसांत बिया आल्या. मला यातली जोडी फार आवडते: नॉकआउटमध्ये प्रोटीन नाही पण साखर आहे, सीजीएल१ मध्ये प्रोटीन आहे पण ती साखर नाही. एकात जे उरतं ते खोटं, दुसऱ्यात जे उरतं ते खरं. डिसेंबरअखेर सीजीएल१ रंगवला. फक्त अंतस्त्वचेचं कडं, फिकट. ब्लॉटवरचा ओघळ गायब.

आता सीरम साफ करायचं होतं. पुन्हा ससे घ्यावेत का, यावर चर्चा झाली. मॅडमना नको होतं, मलाही. खरी अँटिबॉडी त्या नळीत होती, ती वेगळी काढायची होती.

आधी पेरॉक्सिडेझ जोडलेल्या मण्यांवरून सीरम तीनदा फिरवलं आणि प्रत्येक वेळी थेंबाची चाचणी केली. तिसऱ्या फेरीनंतर थेंब कोरा. याच कामासाठी ब्रोमेलेनही सुचवलं जातं, त्यावरही ही साखर असते. पण ते प्रोटीन कापणारं एन्झाइम आहे, चालू स्थितीत वापरलंत तर अँटिबॉडीच कापून टाकेल.

नंतर बाहेरच्या भागाचा एक छोटा तुकडा बॅक्टेरियात बनवला. बॅक्टेरिया ही साखर जोडत नाहीत. आख्खा भाग गोळा होतो, पण १२० अमिनो आम्लांचा तुकडा कसाबसा विरघळलेला मिळाला, अर्थात चौथ्या प्रयत्नात. तो मण्यांवर बसवला, सीरम सोडलं, धुतलं, आणि पीएच २.५ च्या ग्लायसिनने चिकटलेली अँटिबॉडी सोडवली. सोडवताना प्रत्येक नळीत आधीच थोडं पीएच ८.५ चं ट्रिस घालून ठेवा. आम्लात अँटिबॉडी जितका वेळ राहील तितकी खराब होते.

फेब्रुवारीत ती शुद्ध अँटिबॉडी घेऊन नॉकआउट रंगवला, आता तरी अंधार असेल अशा आशेने. अंतस्त्वचा अंधारी होती. पण मुळाच्या टोपीत बारीक चमक होती, वाइल्ड टाइपमध्येही आणि नॉकआउटमध्येही. इथे तो २०० चा गोतावळा पुन्हा समोर आला. माझ्या प्रोटीनचं एक सख्खं भावंड मुळाच्या टोपीत असतं, आणि त्या १२० च्या तुकड्यात दोघांची घडी बरीच सारखी आहे. मुळात तुकडा निवडतानाच सगळ्या जीनोमशी तुलना करून सर्वांत वेगळा भाग घ्यायला हवा होता. मी विरघळतो तो घेतला.

या वेळी उपाय जुना आणि साधा निघाला. नॉकआउटची रोपं द्रव नायट्रोजनमध्ये वाटून उणे २० अंशांच्या ॲसिटोनमध्ये धुतली, चार-पाच वेळा, रंग निघून जाईपर्यंत. उरतो तो फिकट पिवळसर भुगा वाळवून ठेवला. पातळ केलेल्या अँटिबॉडीत हा भुगा साधारण १ टक्का घालून रात्रभर ४ अंशांवर फिरवला आणि सकाळी जोरात फिरवून खाली बसवला. त्या भुग्यात झाडातलं बहुतेक सगळं असतं, फक्त माझं प्रोटीन नसतं. जे दुसऱ्या कुणाला चिकटणार होतं, ते भुग्याबरोबर निघून गेलं. माझ्या अँटिबॉडीपैकीही थोडा भाग गेला असणार, कारण आता प्रमाण १:५०० ऐवजी १:४० ठेवावं लागतं. ॲसिटोनचं काम वाफ खेचून घेणाऱ्या फ्यूम हुडमध्येच करा, आणि जवळ हॉटप्लेट चालू नाही ना ते बघा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला ट्रे असा होता: वाइल्ड टाइप, नॉकआउट, सीजीएल१, आणि नॉकआउटमध्ये प्रोटीन जीएफपी (स्वतः हिरवं चमकणारं प्रोटीन) जोडून परत घातलेली ओळ, जी सहकाऱ्याने मधल्या काळात बनवली होती. वाइल्ड टाइपमध्ये अंतस्त्वचेचं कडं. सीजीएल१ मध्ये तेच. जीएफपीच्या ओळीत अँटिबॉडी आणि जीएफपी एकमेकांवर बसले. त्या ओळीसाठी सेकंडरी लाल रंगाची घेतली होती, नाहीतर ४८८ आणि जीएफपी वेगळे ओळखता आले नसते. नॉकआउट अंधारा. टोपीच्या टोकाला दोन-तीन पेशींत ठिपके अजून दिसतात, सगळ्या ओळींत सारखे. ते काय आहेत हे मला शोधता आलेलं नाही, आणि मजकुरात तसंच लिहिलं आहे: हा संकेत नॉकआउटमध्येही असल्यामुळे विचारात घेतलेला नाही.

नवं चित्र जुन्याइतकं देखणं नाही. एक्स्पोजर चौपट ठेवावं लागतं, आणि प्रत्येक फोटोशेजारी त्याच सेटिंगवर घेतलेला नॉकआउटचा फोटो जातो. जुन्या चित्रात सगळं मूळ हिरवं होतं. नव्यात पेशींची एकच ओळ आहे, आणि तीही फक्त टोकापासून थोडी वर. मॅडमनी दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून पाहिली. नवी उचलली आणि म्हणाल्या, "ही भिंतीवर लाव."

मूळ सीरमपैकी सहा मिली उरलं आहे. शुद्ध केलेल्या अँटिबॉडीच्या ५० मायक्रोलिटरच्या बावीस नळ्या उणे ८० ला आहेत, एक ४ अंशांवर. नळीच्या लेबलवर आता चार गोष्टी असतात: कुठल्या पेशीत बनवलेल्या प्रोटीनवरची, थेंबाची चाचणी कधी केली, कुठल्या नॉकआउटवर तपासली, आणि किती पातळ करायची. कुणाला थेंबाची चाचणी करून बघायची असेल आणि पेरॉक्सिडेझ नसेल, तर ब्लॉट करणाऱ्या शेजारच्या प्रयोगशाळेत विचारा. बहुतेक वेळा कुणाच्या तरी फ्रीजमध्ये शुद्ध पेरॉक्सिडेझची एखादी बाटली सापडते.